अंतर आणि अवधी : बीड प्रदेशातील प्रवासमानाचा इतिहास

१. विषयाची व्याप्ती

दोन स्थळांमधील अंतर ही भूगोलाची बाब समजली जाते आणि ते ओलांडण्यास लागणारा वेळ ही वाहनाची. इतिहासाच्या अभ्यासात मात्र ह्या दोन राशी इतक्या सहज वेगळ्या करता येत नाहीत. एकाच दोन गावांमध्ये किमान तीन प्रकारची अंतरे संभवतात. पहिले नकाशावरील सरळ रेषेचे. पक्षी अथवा विमान ज्याचा अवलंब करते ते. दुसरे प्रत्यक्ष वाटेचे; नदीचा उतार, घाटाची खिंड आणि मुक्कामाचे पाणी ह्यांनी ठरविलेले. तिसरे कालाचे, म्हणजे निघाल्यापासून पोहोचेपर्यंतच्या अवधीचे. यांपैकी पहिले सहसा बदलत नाही, दुसरे क्वचित बदलते, तिसरे मात्र राज्यव्यवस्था, ऋतू आणि प्रवाशाचे प्रयोजन ह्यांनुसार सारखे बदलत आले आहे.

बीड जिल्हा हे ह्या दृष्टीने विचार करण्याजोगे उदाहरण आहे. दख्खनच्या जवळजवळ मध्यावर असूनही आधुनिक दळणवळणाच्या साधनांपासून बीड शहर दीर्घकाळ दूर राहिले. चोहोबाजूंना भूमी असलेले हे नगर रेल्वेच्या नकाशावर एखाद्या बेटाप्रमाणे दिसत असे. ह्या बेटाचा किनारा किती दूर होता आणि तो गाठण्यास किती काळ लागे, ह्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. भूमीची रचना

बीड जिल्ह्याचे नैसर्गिक दृष्ट्या दोन भाग पडतात. उत्तरेस गोदावरीच्या काठचा सखल व काळ्या जमिनीचा प्रदेश. गेवराई व माजलगाव हे तालुके त्यात येतात. दक्षिणेस बालाघाटाचे पठार. पाटोदा, केज, अंबाजोगाई ह्या बाजूचा मुलूख त्यावर वसला आहे. ह्या दोहोंमध्ये बालाघाटाची कड पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिची उंची सह्याद्रीच्या मानाने अल्प आहे. परंतु भरलेल्या गाडीस बैलांची दुसरी जोडी लावावी लागेल एवढा चढ तीत ठिकठिकाणी आहे. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातील डोंगरांत उगम पावून पूर्वेस जाते. बिंदुसरा बीड शहरातून वाहत जाऊन सिंदफणेस मिळते आणि सिंदफणा गोदावरीस.

ह्या रचनेचा परिणाम असा की, पूर्व-पश्चिम प्रवास करणाऱ्यास नदीची खोरी अनुकूल पडतात, तर दक्षिणोत्तर जाणाऱ्यास एकदा घाट व एकदा गोदावरी ओलांडावी लागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत काळ्या मातीच्या वाटा चिखलाने बंद होत आणि नदीचे उतार पाण्याखाली जात. म्हणून येथील कोणत्याही अंतराचा विचार महिना सांगितल्याखेरीज पुरा होत नाही.

३. कोस, मजल आणि कासरा

लोकव्यवहारात अंतर मोजण्याची जुनी साधने दोन प्रकारची होती. कोस, गव्यूती व योजन ही लांबीची मापे. दोन कोसांची गव्यूती आणि चार कोसांचे योजन असा त्यांचा मेळ सांगितला जातो. मजल हे दुसऱ्या प्रकारचे माप होय. एका दिवसात जेवढी वाट चालून होईल तेवढी एक मजल. ‘मजल दरमजल’ हा प्रयोग आजही मराठीत रूढ आहे, तो ह्याच व्यवहारातून आलेला. मजलीची लांबी ठरीव नसे; पाणी, सावली, धर्मशाळा व सुरक्षितता जेथे लाभे तेथे ती संपे.

कोसही सर्वत्र एक नव्हता. अकबराच्या राजवटीत ५,००० गजांचा कोस ठरविण्यात आल्याचे ‘आईन-इ-अकबरी’त नमूद आहे, इलाही गजाच्या मानाने तो अडीच मैलांहून अधिक भरतो. दख्खनमध्ये सामान्यतः सुमारे दोन मैलांचा कोस धरला जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये ह्याने सतराव्या शतकात हिंदुस्थानातील अंतराची दोन मापे नोंदविली आहेत : एक कोस, सुमारे एक फ्रेंच लीगचा, आणि दुसरा ‘गोस’, सुमारे चार लीगांचा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या व्यापाऱ्यास नाण्यांप्रमाणे अंतराच्या मापांचाही हिशेब ठेवावा लागे.

वेळ मोजण्याची भाषा तर अंतराच्या भाषेत मिसळूनच गेली होती. सूर्य ‘कासराभर’ वर आला असे म्हणताना शेतकरी बैलाच्या दोरीने आकाश मोजतो. उलट ‘दोन घटकांची वाट’ म्हणताना तो चोवीस मिनिटांच्या घटकेने जमीन मोजतो. अंतर हे कालाचे आणि काल हा अंतराचा द्योतक, अशी ही परस्परबद्ध व्यवस्था होती. ती ढोबळ होती खरी. परंतु पायी चालणाऱ्यास जे समजणे आवश्यक असते, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठता येईल की नाही, ते ती नेमके सांगत असे.

४. राजमार्गावरील बीड

चौदाव्या शतकात देवगिरीचे दौलताबाद झाले आणि दिल्लीचे लक्ष ह्या प्रदेशाकडे वळले. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता ह्याने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांचे म्हणून दिले आहे आणि त्या मार्गाच्या दुतर्फा झाडे होती असे लिहिले आहे. त्याच्या वृत्तांतातील टपालाची माहिती अधिक महत्त्वाची आहे. सिंधमधून दिल्लीस प्रवाशाला पन्नास दिवस लागत. तीच वाट सुलतानाची डाक पाच दिवसांत कापीत असे. घोडेस्वारांची ठाणी ठराविक अंतरावर असत आणि पायी डाकेचे हरकारे मैलाच्या तिसऱ्या हिश्शावर बदलत. अंतर एकच, परंतु राजाला ते प्रजेच्या एकदशांश होते. वेग हा सत्तेचा एक घटक आहे, ह्याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

बीड ह्या काळात दौलताबादहून तेलंगणाकडे जाणाऱ्या वाटेवर होते. वरंगळच्या स्वारीत आजारी पडून परतत असता महंमद तुघलकाचा एक दात बीडजवळ पडला आणि तो समारंभपूर्वक पुरून त्यावर वास्तू उभारण्यात आली, असे फिरिश्ता सांगतो. हा प्रसंग १३३५ च्या सुमाराचा. बीडजवळच्या करजणीच्या परिसरातील एका जुन्या इमारतीशी लोक त्याचा संबंध जोडतात. कथेतील चमत्कृती बाजूस ठेवली तरी तीतून एक गोष्ट निष्पन्न होते : वरंगळ ते दौलताबाद ह्या लष्करी मार्गावर बीड हे मुक्कामाचे ठिकाण होते.

सतराव्या शतकात चित्र पालटलेले दिसते. ताव्हेर्नियेने सुरत ते गोवळकोंडा ह्या मार्गावरील मुक्काम कोसांसह दिले आहेत. दौलताबाद व औरंगाबादेहून तो अंबडवरून नांदेडच्या दिशेने, गोदावरीच्या उत्तरेने जातो. एकंदर अंतर ३२४ कोस आणि लागलेले दिवस २७, म्हणजे दिवसास सरासरी १२ कोस. ही गती मालाने लादलेल्या तांड्याची नसून वेगाने जाणाऱ्या प्रवाशाची आहे. चांगल्या बैलांचा छकडा दिवसास बारा ते पंधरा लीग ह्या प्रमाणे साठ दिवस सतत धावू शकतो, असेही तो लिहितो. औरंगाबाद हे सुभ्याचे केंद्र झाल्यावर मुख्य व्यापारी वाट उत्तरेकडे सरकली आणि बीड तिच्या एका बाजूस पडले. शहर जागचे हलले नव्हते. हमरस्ता हलला होता.

ह्याच काळात मालाची खरी ने-आण लमाण व वंजारी ह्यांच्या तांड्यांनी होत असे. दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे ताव्हेर्निये लिहितो. मीठ, धान्य व कापूस पाठीवर वाहणारे हे बैल वाटेत चरत चरत जात, त्यामुळे त्यांचा वेग अत्यल्प असे; पण त्यांना रस्ता बांधावा लागत नसे आणि चाऱ्याचा खर्चही नसे. मंदगती हीच त्या वाहतुकीच्या स्वस्ताईची किंमत होती.

५. राक्षसभुवन : रुंदीचे अंतर

अंतर नेहमी लांबीचेच असते असे नाही. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे मराठे व निजाम ह्यांची लढाई झाली. निजामअली आपल्या फौजेच्या एका भागासह गोदावरी उतरून पलीकडे गेला होता; दिवाण विठ्ठल सुंदर ह्याच्या हाताखालील उरलेली फौज दक्षिण तीरावर होती. नदीला पूर होता. अठरा वर्षांचे माधवराव पेशवे व राघोबादादा ह्यांनी ह्या मागे राहिलेल्या फौजेवर हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला. समोरच्या तीरावरील निजामास हे दिसत असूनही मदत पाठविता आली नाही. त्यानंतर औरंगाबाद येथे तह झाला.

डोळ्यांना दिसणारे, हाकेच्या टप्प्यातील अंतर त्या दिवशी अनुल्लंघ्य झाले होते. उन्हाळ्यात ज्या पात्रातून गाड्या जातात, तेच पात्र श्रावणात एका सैन्याची दोन सैन्ये करते. पेशव्यांचे चातुर्य लढण्यात होते तसेच गोदावरीचे हे मोसमी अंतर ओळखण्यातही होते.

बत्तीस वर्षांनी, ११ मार्च १७९५ रोजी, जिल्ह्याच्या नैर्ऋत्य सीमेलगत खर्डा येथे पुन्हा लढाई झाली. बीदरहून निघालेली निजामाची फौज मांजरेच्या काठाकाठाने येऊन मोहरीच्या घाटाने खाली उतरली होती. नदीखोऱ्याची वाट सोपी, परंतु घाट उतरल्यावर माघारीची वाट अवघड. वर आलेल्या भूरचनेचेच हे प्रत्यंतर होय.

६. वारीचे प्रमाण

लष्कराच्या व व्यापाऱ्याच्या वेगाशेजारी वारकऱ्याचा वेग ठेवून पाहणे उद्‌बोधक ठरेल. पैठणहून नाथांची पालखी आषाढी एकादशीसाठी पंढरपुरास जाते, ती बीड जिल्ह्याचा पश्चिम भाग ओलांडून पाटोदा, दिघोळ, खर्डा ह्या बाजूने. पैठण व पंढरपूर ह्यांतील सरळ अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे; प्रवासास सुमारे अठरा दिवस लागतात. सरळ रेषेच्या मानाने दिवसाची गती ११ किलोमीटर एवढीच भरते. ताव्हेर्नियेच्या बारा कोसांच्या तुलनेत ही तृतीयांशाहूनही कमी आहे.

हा मंद वेग अशक्तपणाचा द्योतक नव्हे. दिंडीतील वृद्ध माणसाला, कडेवर मूल असलेल्या स्त्रीला जी चाल झेपेल तीच सर्वांची चाल. शिवाय प्रत्येक मुक्कामी कीर्तन, रिंगण आणि गावकऱ्यांचे अन्नदान ह्यांना वेळ हवा. येथे अवधी हा प्रवासाचा तोटा म्हणून मोजला जात नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’तही गावे, देवळे व दिशा ह्यांची नोंद आहे ती ह्याच भावनेने : स्थळापर्यंत चालत जाणे हे त्या स्थळाच्या दर्शनाचाच भाग मानले गेले. प्रवासाच्या इतिहासात सर्वच मंदगती प्रवाशांना दुर्दैवी समजणे बरोबर होणार नाही. प्रश्न निर्माण होतो तो जेथे मंदपणा निवडलेला नसून लादलेला असतो तेथे.

७. सरळ रेषेचे आगमन

सरळ रेषेचे अंतर ही कल्पना ज्योतिषांना फार पूर्वीपासून अवगत होती. परंतु दख्खनच्या भूमीवर तिची काटेकोर मोजणी एकोणिसाव्या शतकात झाली. विल्यम लॅम्टन ह्याने दक्षिणेत सुरू केलेली त्रिकोणमितीय पाहणी उत्तरेकडे सरकत १८१५ मध्ये बीदरजवळ पोहोचली आणि तेथे एक पायारेषा मोजण्यात आली. तेथील दामरगिड्डा ह्या ठाण्यापासून मुंबईकडे जाणारी त्रिकोणांची पूर्व-पश्चिम मालिका जॉर्ज एव्हरेस्टने १८२२ मध्ये हाती घेतली. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन हिंगणघाट येथे मरण पावल्याने एव्हरेस्टला पाहणीचा सर्व भार स्वीकारावा लागला. मालिका पुढे इतरांनी पुरी केली.

ह्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, मोजलेल्या अंतरावरून कोणी चालत जात नसे. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरील खूण पाहून कोन घ्यावयाचा आणि गणिताने बाजू काढावयाची. अक्षांश-रेखांश निश्चित झाल्यावर कोणत्याही दोन गावांमधील हवाई अंतर कागदावर काढता येऊ लागले. बीडच्या अक्षांशावर एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. ह्या मानाने बीड ते अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) हे सरळ अंतर सुमारे १०८ किलोमीटर, बीड ते जालना ९५, बीड ते बार्शी ८४ आणि बीड ते परळी वैजनाथ ८२ किलोमीटर येते. हे चार आकडे पुढील विवेचनाचा आधार आहेत.

कालमापनातही ह्याच सुमारास बदल घडला. बीडचा रेखांश पाऊणेशहात्तर अंशांच्या आसपास असल्याने तेथील स्थानिक मध्यमान वेळ ग्रिनिचच्या पुढे ५ तास ३ मिनिटे. मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे. रेल्वेची घड्याळे बहुतेक मद्रासच्या वेळेवर चालत. म्हणजे गाडी गाठण्यास निघालेला बीडचा प्रवासी सूर्यावरून वेळ ठरवी, तर त्याच्या आणि स्टेशनच्या घड्याळात अठरा मिनिटांचे अंतर पडे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ रेल्वे व तारखात्याने स्वीकारली. तेव्हापासून बीडचा सूर्य घड्याळामागे सुमारे सत्तावीस मिनिटे राहतो.

८. लोहमार्गाचे कडे आणि दुष्काळ

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि अहमदनगर रेल्वेशी जोडले गेले. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत आली. १९११ पर्यंत ती लातुरास पोहोचली. १९००–१९०१ मध्ये हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ह्या मार्गाने हैदराबादपर्यंत पुरी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी नकाशा पाहिला तर बीडच्या पश्चिमेस, उत्तरेस आणि दक्षिणेस लोहमार्ग होते. जिल्ह्याच्या हद्दीत मात्र एकही नव्हता. सर्वांत जवळचे स्टेशन ८४ किलोमीटरांवर आणि सर्वांत दूरचे १०८ वर. जणू बीडभोवती सुमारे शंभर किलोमीटर त्रिज्येचे एक कडेच पडले होते.

शंभर किलोमीटर म्हणजे सुमारे तीस कोस. चांगल्या ऋतूत भरलेली बैलगाडी दिवसाला सहा कोस गेली तर पाच दिवसांची वाट. कापसाच्या व्यापाऱ्यास हा विलंब परवडत असे. दुष्काळाच्या वर्षी मात्र हिशेब निराळा होई. गाडी ओढणाऱ्या बैलाला वाटेत चारा व पाणी लागते. पीक नाही तेथे कडबाही नाही. ओढे आटले की मुक्कामाची ठिकाणे विरळ होतात. मग गाडीने धान्याबरोबर बैलांचा चाराही वाहून न्यावयाचा, आणि चारा जितका अधिक तितके धान्य कमी. जनावरे मरू लागली की गाड्याच उरत नाहीत. ज्या वर्षी धान्य सर्वांत लवकर पोहोचणे आवश्यक, त्याच वर्षी पाच दिवसांची वाट दहा दिवसांची होते किंवा बंदच पडते. दुष्काळात अंतर वाढते, असे जे म्हणता येईल ते ह्या अर्थाने.

१८९७ व १८९९–१९०० ह्या दुष्काळांचा आघात ह्या जिल्ह्यावर फार कठोर झाला. १८९१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लक्ष ४२ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ४ लक्ष ९२ हजार उरली. दहा वर्षांत जवळजवळ चौथा हिस्सा लोक कमी झाले. ह्या घटीत मृत्यू, साथी आणि स्थलांतर सर्वांचा वाटा आहे आणि केवळ रेल्वेच्या अभावाकडे तिचे कारण नेणे योग्य नाही. पाऊस, सारा, कर्ज व रोजगाराचा लोप ही कारणे तितकीच प्रबळ होती. रेल्वे असलेल्या जिल्ह्यांतही लोक मेले. तथापि शंभर किलोमीटरांचे कडे जेव्हा बैलांच्या पायांवर ओलांडावयाचे असते आणि बैलच उभे राहू शकत नाहीत, तेव्हा अंतर हा आकडा न राहता संकट बनतो, हेही दृष्टीआड करता येत नाही.

१९३० च्या सुमारास परळी वैजनाथ हे लोहमार्गाने परभणी व विकाराबाद ह्या दोन्ही बाजूंना जोडले गेले. जिल्ह्याच्या पूर्व कोपऱ्यात प्रथमच रेल्वे आली. ज्योतिर्लिंगाच्या यात्रेकरूंची सोय झाली. बीड शहरापासून ते स्टेशन सरळ रेषेत ८२ किलोमीटर, म्हणजे पुन्हा त्याच कड्यावर.

९. सरहद्द आणि मोटार

हैदराबाद संस्थान व ब्रिटिश मुलूख ह्यांच्या सरहद्दीवर मालावर करोडगिरी म्हणजे जकात द्यावी लागे. नाणेही वेगळे, हाली सिक्का. नगरच्या बाजारी जाणाऱ्या गाडीवानास नाक्यावर जो वेळ मोडावा लागे तो कोणत्याही नकाशात दाखविलेला नसे. राजकीय सीमा ही अशी कालाच्या अंतरात भर घालते.

संस्थानात १५ जून १९३२ रोजी निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते-वाहतूक विभागाने २७ मोटारगाड्यांसह प्रवासी सेवा सुरू केली. पलीकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर ह्यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली. त्या दिवशी बीड अद्याप निजामाच्या अमलाखाली होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचा अंमल संपला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. सरहद्द मिटली, नाके उठले. बीडहून नगरला जाणे काही तासांचे काम झाले. १९५६ च्या मापविषयक कायद्यानंतर मैलाचे दगडही हळूहळू किलोमीटरांचे झाले. बीडकरांच्या प्रवासमानात घडलेला सर्वांत मोठा बदल रेल्वेने किंवा विमानाने न घडविता रस्त्यावरील ह्या मोटारीने घडविला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिच्यामागोमाग एक दुःखाची बाजूही आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जाणारी ह्या जिल्ह्यातील कुटुंबे पूर्वी बैलगाडीने मुक्काम करीत जात. पुढे ट्रक व ट्रॅक्टर आले आणि अनेक दिवसांची वाट एका रात्रीची झाली. जाण्याचा वेळ घटला, परंतु जाण्याची गरज घटली नाही. प्रवासाचा अवधी कमी होणे म्हणजे आपोआप हित होणे नव्हे, ह्याचे हे उदाहरण आहे.

१०. विमानमार्ग

निजाम सरकार व टाटा ह्यांच्या सहभागाने १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये समाविष्ट झाली. मराठवाड्यात पुढे औरंगाबादजवळ चिकलठाणा, तसेच नांदेड, लातूर व धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) येथे विमानतळ झाले. बीड जिल्ह्यात नियमित प्रवासी सेवेचा विमानतळ झाला नाही. बीडपासून धाराशिवचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ८६, लातूरचा ९८ व चिकलठाण्याचा १०३ किलोमीटर आहे. लोहमार्गाच्या कड्याची त्रिज्या विमानतळांच्या बाबतीतही जवळजवळ तीच निघते.

लहान विमानतळांमधील अंतर व अवधी ह्यांचा संबंध कसा असतो, हे लातूर-नांदेड ह्या जोडीवरून पाहता येईल. ह्या दोन विमानतळांतील सरळ अंतर सुमारे १२४ किलोमीटर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे पंख्याचे विमान हे अंतर गणिताने पंधरा मिनिटांत कापील. प्रत्यक्षात चढण्यास, उतरण्यास आणि धावपट्टीच्या दिशेला वळण घेण्यास वेळ लागून तो अर्धा तास होतो. त्यात विमानतळावर आधी पोहोचण्याचा एक तास आणि दोन्ही टोकांचा शहरापर्यंतचा रस्ता मिळविला, तर मोटारीच्या दोन-अडीच तासांवर विशेष बचत उरत नाही. अंतर जितके लहान तितका त्यात वाट पाहण्याचा हिस्सा मोठा. समुद्राने वेगळ्या केलेल्या दोन बेटांमध्ये विमानाला पर्याय नसतो. भूमीवर तो असतो. म्हणूनच २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली नांदेडहून जी विमानसेवा सुरू झाली ती शेजारच्या लातूरशी नसून दूरच्या हैदराबादशी होती.

११. रेल्वेचे आगमन

अहमदनगर–बीड–परळी हा सुमारे २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग १९९५–९६ मध्ये मंजूर झाला. आरंभीचा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा होता. पुढे तो ४,८०० कोटींच्या घरात गेला आणि निम्मा भार राज्य शासनाने उचलला. नगरपासून आष्टीपर्यंतचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजी व बीडपर्यंतचा १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, प्रवाशांसाठी खुला झाला. नगर ते बीड ह्या १६७ किलोमीटरांस मंजुरीपासून तीस वर्षे लागली, म्हणजे वर्षास सरासरी साडेपाच किलोमीटर.

सरळ अंतर १०८ आणि लोहमार्ग १६७, ह्या तफावतीचे कारण बालाघाटात आहे. बैलगाडी व मोटार जो चढ चढतात तो आगगाडीस झेपत नाही. तिला सौम्य चढाव शोधीत वळणे घ्यावी लागतात. प्रारंभीच्या वेळापत्रकात ह्या प्रवासास सुमारे साडेपाच तास दिले होते, म्हणजे ताशी तीस किलोमीटर. मोटारीने तीन-साडेतीन तासांत होणाऱ्या प्रवासापेक्षा हा अवधी अधिक आहे. तरीही पहिल्या गाडीस पाहावयास लोकांनी गर्दी केली, ती वेगासाठी नव्हे. स्वस्त भाडे, जड मालाची वाहतूक आणि दूरच्या शहरांशी होऊ शकणारा अखंड संबंध, ह्या गोष्टी ताशी वेगाच्या आकड्यात मावत नाहीत.

१२. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, बीड शहर व वेगवान दळणवळणाचे सर्वांत जवळचे साधन ह्यांतील अंतर १९०१ पासून २०२२ पर्यंत ऐंशी ते एकशेदहा किलोमीटर ह्या मर्यादेत राहिले. ह्या सुमारे सव्वाशे वर्षांत ते ओलांडण्याचा अवधी पाच दिवसांवरून दोन-तीन तासांवर आला, आणि ह्या घटीचे श्रेय मुख्यतः रस्ता, मोटार व सरहद्दीचे विसर्जन ह्यांना आहे. जिल्ह्याचे मागासलेपण सांगताना केवळ किलोमीटर देणे म्हणून अपुरे ठरते. कोणत्या ऋतूत, कोणत्या वाहनाने, कोणत्या माणसाला किती वेळ लागला, हेही सांगावे लागते. डाकेच्या पाच दिवसांशेजारी प्रवाशाचे पन्नास दिवस मांडणाऱ्या इब्न बतूताने ते सांगितले होते.

बीड ते परळी हा सुमारे ९४ किलोमीटरांचा उरलेला भाग पूर्ण झाल्यावर गोदावरीखोऱ्यातील व पश्चिमेकडील लोहमार्ग बीडमधून जोडले जातील, आणि दौलताबाद–वरंगळ वाटेवर असताना ज्या नगराला मुक्कामाचे स्थान होते ते पुन्हा एका हमरस्त्यावर येईल. त्या वेळी मोजावयाचे अंतर स्टेशनापर्यंतचे नसेल. गेवराईच्या अथवा पाटोद्याच्या एखाद्या वस्तीपासून पावसाळ्याच्या रात्री रुग्णाला बीडपर्यंत आणावयास लागणारा अवधी हे त्यानंतरच्या अभ्यासकाचे माप असावयास हवे.